डाव्या हाताला सुई नको

वॉर्डात नवा रुग्ण दाखल झाला की सलाइनची सुई कोणत्या हाताला लावायची, यावर फारसा विचार होत नाही. रुग्ण उजव्या हाताने जेवतो, सही करतो, फोन धरतो. मग सुई डाव्या हाताला. सिस्टर दंडाला पट्टा आवळते, मनगटाच्या वर दोन टिचक्या मारते, अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी ठळक शीर फुगून येते आणि सुई आत जाते. तापाच्या, जुलाबाच्या, अपघाताच्या रुग्णासाठी यात काहीच गैर नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णाला मात्र हीच सवय महागात पडू शकते. कारण आठ-पंधरा दिवसांनी त्याच डाव्या हाताची कातडी, तीच शीर आणि जवळची धमनी उचलून त्याच्या गालाचे अस्तर किंवा जिभेचा गेलेला भाग घडवायचा असतो.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हा विषय परका नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची. त्याच काळात आकाराला आलेली ही राज्यातील सर्वांत जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. आज रस्त्यावरून जाताना काचेच्या इमारती आणि आयटी कंपन्यांच्या पाट्या आधी दिसतात. पण मागच्या गल्ल्यांतल्या गाळ्यांमध्ये लेथ, ड्रिल, पॉवर प्रेस अजून चालू आहेत आणि किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगरातून त्यांवर काम करणारी माणसे अजूनही पायी येतात. पाळीत झोप लागू नये, भूक मरावी, हात चालत राहावेत म्हणून चुना-तंबाखूचा बार भरणे हे इथे व्यसन मानले जात नाही. चहासारखी ती एक सोय आहे. घरात बायकांची मशेरी असते. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी टपरीवर वेगवेगळी घेऊन गिऱ्हाईकानेच ती एकत्र करायची, ही युक्ती शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

बार ज्या खाचेत राहतो, तिथेच, गाल आणि खालच्या हिरडीच्या मध्ये, आधी पांढरा चट्टा आणि मग न भरणारी जखम होते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४३ हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले. भारतीय पुरुषांमध्ये या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो. उपचाराचा मुख्य भाग शस्त्रक्रिया हाच असतो. गाठ काढायची म्हणजे तिच्या भोवतीचा साधारण सेंटीमीटरभर निरोगी भागही काढायचा. एरवी सुपारीएवढी दिसणारी जखम निघते तेव्हा आत तळहाताएवढे भगदाड पडलेले असते. ते ओढून-ताणून शिवले तर तोंड उघडत नाही, जीभ तळाला चिकटते, घास मागे ढकलता येत नाही, लाळ गळत राहते. माणूस कर्करोगातून वाचतो. पण पंगतीत बसायचे टाळतो.

म्हणून तिथे नवे अस्तर लागते. ते पातळ हवे, घडी पडणारे हवे, लाळेत टिकणारे हवे आणि त्याला स्वतःचा रक्तपुरवठा हवा. शरीरात असे कापड ज्या थोड्या ठिकाणी मिळते, त्यांतले सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे घड्याळ बांधतो तिथून कोपराकडे जाणारी हाताची आतली बाजू.

चेहरा दुरुस्त करण्यासाठी शरीराच्या दुसऱ्या भागाची कातडी वापरण्याचा इतिहास मराठी मुलखाशी जोडलेला आहे. कावसजी हा इंग्रजी फौजेबरोबरचा मराठा बैलगाडीवान १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक कापण्यात आले. पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीट बनवणाऱ्या जातीतल्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक केले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो पत्रा कपाळावर सपाट ठेवून कडा आखल्या आणि दोन भुवयांच्या मध्ये कातडीचा एक देठ न कापता ठेवला. त्या देठातून रक्त येत राहिले म्हणून नाक जगले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे वर्णन चित्रासह छापून आले. युरोपातल्या शल्यविशारदांनी ही पद्धत त्यानंतर उचलली. या वृत्तान्तातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. कावसजीचे नाकच नव्हे, एक हातही तोडण्यात आला होता. नाक परत मिळाले; हात काही मिळाला नाही.

हाताची कातडी चेहऱ्याला लावण्याचा प्रयत्न त्याच्याही आधीचा आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या ताल्याकोझी यांनी १५९७ साली छापलेल्या ग्रंथात दंडाच्या कातडीचे नाक करण्याची कृती दिली आहे. पण तिथेही देठ लागत होता. कातडी नाकाला धरेपर्यंत रुग्णाचा हात डोक्याला बांधून ठेवावा लागे, तोही आठवडे न् आठवडे. देठ कापून टाकायचा आणि रक्तवाहिनीच दुसऱ्या रक्तवाहिनीला शिवायची, हे शक्य व्हायला सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया यावी लागली. चीनमधल्या शेनयांगच्या लष्करी रुग्णालयात यांग ग्वोफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या सुमारास मनगटावरचा हा तुकडा प्रथम वापरला. म्हणून जुने शल्यविशारद त्याला अजून ‘चायनीज फ्लॅप’ म्हणतात. १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या सॉटर यांनी तो तोंडाच्या आत कसा बसवायचा ते मांडले आणि पुढे तो जगभर पसरला. आज मुंबई-ठाण्यात कर्करोगाच्या मोठ्या केंद्रांमध्ये ही रोजची शस्त्रक्रिया आहे.

रोजची असली तरी सोपी मात्र नाही. हाताच्या आत काय कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय तिचा धोका कळत नाही.

दंडातली मोठी धमनी कोपराच्या पुढे दुभंगते. करंगळीच्या बाजूने जाणारी ती अल्नर, अंगठ्याच्या बाजूने जाणारी ती रेडियल. वैद्य तीन बोटे ठेवून नाडी पाहतात ती हीच रेडियल धमनी. मनगटापाशी ती कातडीखाली अगदी उथळ असते. कोपराकडे जाताना ती ब्रेकिओरेडियालिस नावाच्या स्नायूच्या कडेखाली शिरते. तिच्यापासून एका पातळ पडद्यातून केसासारख्या फांद्या वरच्या कातडीकडे जातात. हा पडदा दोन स्नायूंच्या मधल्या फटीत असतो. कातडी उचलताना तो अखंड राहिला, तर तळहाताएवढा तुकडाही जगतो. तो चुकून धमनीपासून सुटला, तर सुंदर उचललेली कातडीही मरते. धमनीची जाडी दोन-अडीच मिलिमीटर, म्हणजे सुतळीएवढी. गळ्यातल्या धमनीला ती केसापेक्षाही बारीक धाग्याने शिवायची. रक्त परत नेण्यासाठी धमनीला लागून जाणाऱ्या दोन बारीक शिरा असतात आणि शिवाय अंगठ्याच्या बाजूची ती ठळक शीर, जिच्यात सिस्टर सुई घालते.

तळहातात दोन्ही धमन्या कमानीसारख्या जोडलेल्या असतात. चाळीला दोन बाजूंनी पाण्याची लाइन असावी तशी ही व्यवस्था आहे. एक लाइन कायमची काढून चेहऱ्याला नेली तरी दुसरीवर हात चालतो. मात्र मधला जोड असला तरच. काही माणसांत ही कमान अपुरी असते आणि अंगठा व पहिले बोट जवळजवळ पूर्णपणे रेडियल धमनीवर जगतात. अशा हाताची धमनी काढली तर अंगठा पांढरा पडू शकतो. ज्याच्या हाताला चिमटीत जॉब धरायची सवय आहे, त्याचा अंगठा जाणे म्हणजे नोकरी जाणे.

हे आधी ओळखण्यासाठी १९२९ साली एडगर ॲलन यांनी सांगितलेली चाचणी अजून वापरात आहे. तिच्यासाठी यंत्र लागत नाही. डॉक्टर म्हणतात, “काका, मूठ घट्ट आवळा.” मग मनगटावरच्या दोन्ही धमन्या बोटांनी दाबून धरतात. “आता मूठ सैल सोडा, बोटं ताणू नका.” तळहात पांढरा दिसतो. करंगळीकडची धमनी मोकळी केली की पाच-सात सेकंदांत तळहात आणि अंगठा लाल व्हायला हवा. पंधरा सेकंद झाले तरी अंगठ्याकडची बाजू फिकी राहिली तर त्या हाताला हात लावू नये. बोटे ताणून धरली तर चांगला हातही पांढरा राहतो आणि चाचणी खोटे बोलते, हे घाईत विसरले जाते.

वागळे इस्टेटच्या हातांवर ही चाचणी आणखी एका कारणाने फसवी ठरते. वर्षानुवर्षे ऑइल, ग्रीस आणि लोखंडाचा कीस मुरलेल्या, घट्टे पडलेल्या तळहातावर लाली कधी आली हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे कठीण असते. अशा वेळी अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून रेडियल धमनी दाबावी. पडद्यावरची लाट टिकली तर अल्नर धमनी अंगठ्यापर्यंत पोहोचते आहे. कोरोनाच्या साथीनंतर हे यंत्र घराघरांत पोहोचले आहे. वॉर्डात ते नसल्याची सबब चालणार नाही. शंका उरली तर डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी.

सोनोग्राफीचा दुसरा उपयोग याहून महत्त्वाचा आहे. थोड्या माणसांमध्ये अल्नर धमनी खोल न जाता अगदी कातडीखालून जाते. नेहमी स्नायूंखाली असणारी वाहिनी इथे शिरेसारखी वर दिसते. तुकडा उचलताना करंगळीच्या बाजूने सुरुवात केली आणि ती शीर समजून बांधली गेली, तर एका शस्त्रक्रियेत हाताच्या दोन्ही लाइन बंद होतात. खरे तर बोट ठेवले की तिचे ठोके लागतात. कातडीवर पेनाने रेषा आखण्याआधी पूर्ण हातावरून बोट फिरवण्याला एक मिनिट लागते. अनुभवी शल्यविशारद ते मिनिट कधी सोडत नाहीत आणि शिकाऊ डॉक्टरांना त्यांनी सर्वांत आधी तेच शिकवावे.

आता नव्या काळाने आणलेली एक अडचण. हृदयाची अँजिओग्राफी पूर्वी जांघेतून होई. आता ती बहुतेक मनगटातून होते. रुग्णाला त्याच दिवशी चालता येते, म्हणून ते चांगलेच. पण त्यानंतर काही जणांची रेडियल धमनी आतून बंद होते आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही, कारण हात अल्नर धमनीवर चालत राहतो. मनगटावर नाडीही लागू शकते. ती तळहातातून उलटे आलेल्या रक्ताची असते. तंबाखू तीच, रक्तवाहिन्या त्याच. पन्नाशीतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली असणे अजिबात दुर्मीळ नाही. कोणत्या मनगटातून झाली, हा प्रश्न केसपेपरवर छापलेला नसतो. रुग्णही सांगत नाही. गालाच्या आजाराशी मनगटाचा काय संबंध, असे त्याला वाटते. मधुमेहाने मूत्रपिंडे दुबळी झालेल्या रुग्णाचाही असाच विचार करावा लागतो. उद्या डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुला याच मनगटावर, याच धमनी आणि याच शिरेतून करायचा असतो.

आणि मग सुई. सलाइन, अँटिबायोटिक, रक्त तपासणी, कधी शस्त्रक्रियेआधीची किमोथेरपी. किमोची काही औषधे शिरा आतून जाळतात, ती दोरीसारखी कडक होते. धमनीतल्या रक्ताची तपासणी करायची तर सुई थेट रेडियल धमनीत. बहुतेक रुग्ण मोठ्या केंद्रात पोहोचण्याआधी दोन-तीन ठिकाणी थांबलेले असतात. घराजवळचा दवाखाना, नर्सिंग होम, मग सरकारी रुग्णालय. कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय वागळे इस्टेटमध्येच आहे. जिल्हा रुग्णालय आणि कळव्याचे महापालिका रुग्णालय ठाण्यात आहे. तिथून पुढे परळ. प्रत्येक थांब्यावर सुई, आणि प्रत्येक ठिकाणी डाव्याच हाताला, कारण उजवा हात कामाचा. शस्त्रक्रियेच्या दिवशी दंडाला पट्टा आवळून हात उघडला की ठळक शीर गोठलेली सापडते. मग बारीक शिरांवर काम भागवावे लागते किंवा बेत बदलून मांडी उघडावी लागते. यात कोणा एकाची चूक दाखवता येत नाही. तरीही चूक होतेच.

उपाय खर्चाचा नाही. गालाच्या तुकड्याचा बायॉप्सी रिपोर्ट कर्करोगाचा आला, की त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरने एक हात राखून ठेवायला हवा. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘या हाताला सुई नको’ असे लिहावे आणि मनगटावर चिकटपट्टी लावावी. वॉर्ड बदलला, रुग्णालय बदलले तरी पट्टी सोबत जाते. आणि रुग्णाच्या बायकोला किंवा मुलाला हे समजावून सांगावे. रात्रपाळीची सिस्टर पट्टा घेऊन आली की “सिस्टर, या हाताला नको, ऑपरेशनला लागणार आहे,” हे वाक्य तेवढ्या वेळी तेच म्हणू शकतात. मोठे डॉक्टर त्या वेळी तिथे नसतात.

कोणता हात राखायचा, हे मात्र रुग्णाला विचारून ठरवायला हवे. ‘डावा’ हे उत्तर पुस्तकातले आहे, कारण बहुतेकांचा उजवा हात कामाचा असतो. गाळ्यात काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी असू शकते. उजव्या हाताने प्रेसचा हँडल ओढणारा माणूस डाव्या हाताने पत्रा डायखाली सरकवत असतो. नाजूक काम डाव्याचे असते. दहा वर्षांपूर्वी प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटे गेलेली असतील, तर त्याचा डावा हात हाच खरा उजवा हात. त्याला ‘तुम्ही उजवे का डावे?’ एवढेच विचारले तर तो सवयीने ‘उजवा’ म्हणेल आणि त्याचा उरलेला चांगला हात टेबलावर घेतला जाईल. ‘मशीनवर कोणता हात काय करतो, करून दाखवा’ असे म्हटले तर अर्ध्या मिनिटात खरे उत्तर मिळते. मनगटावर जुना टाक्यांचा व्रण असेल तर आतली धमनी पूर्वीच कापलेली असू शकते, तेही त्याच वेळी दिसते.

शस्त्रक्रियेत हाताच्या बाजूने तीन गोष्टी जपायच्या असतात. पहिली म्हणजे स्नायूंच्या दोऱ्यांवरचे, कंडरांवरचे, ओले पारदर्शक आवरण. तुकडा उचलल्यावर उघड्या पडलेल्या जागी मांडीची पातळ कातडी लावतात. ती या आवरणावर धरते. कोरड्या, उघड्या कंडरावर धरत नाही. मनगट वाकवणारी एक जाड कंडरा तिथे अगदी मध्ये असते. तिच्यावरची कातडी गळली की जखम महिना-महिना भरत नाही, दिवसाआड ड्रेसिंग, आणि मनगट ताठते. दुसरी गोष्ट म्हणजे अंगठ्याच्या मागच्या बाजूला स्पर्श देणारा मज्जातंतू. तो तुकड्याच्या कडेलाच असतो आणि कधी कातडीबरोबर ओढला जातो. तिसरी म्हणजे हाड. जबड्याचे छोटे हाड हवे म्हणून रेडियस हाडाची पट्टी कातडीसोबत काढण्याची पद्धत आहे. उरलेले हाड मग वजन उचलताना मोडू शकते, त्याला प्लेट लावावी लागते. अंगमेहनत करणाऱ्याच्या बाबतीत हा मोह टाळलेला बरा. जबड्यासाठी पायातले फिब्युला हाड १९८९ पासून वापरात आहे आणि त्यावर आता भरपूर अनुभव जमा झाला आहे.

धमनी कापण्याआधीचा एक क्षण महत्त्वाचा. मनगटाशी धमनीला छोटी क्लिप लावायची, दंडाचा पट्टा सोडायचा आणि हाताकडे पाहत थांबायचे. पाचही बोटे गुलाबी झाली तरच पुढे जायचे. वॉर्डातली चाचणी चुकलेली असेल तर ती इथे पकडता येते. शस्त्रक्रिया आठ-दहा तासांची असते. गळ्याकडची टीम वाट पाहत असते. तरी ही काही मिनिटे हाताची आहेत.

इतके धोके मांडल्यावर वाटेल की हा तुकडा वापरूच नये. तसे नाही. जिभेचा अर्धा भाग गेला असेल, ओठ करायचा असेल, गालाचे आतले अस्तर हवे असेल, तर याच्याइतके पातळ आणि लवचिक कातडे दुसरीकडे मिळणे कठीण. त्याची रक्तवाहिनी लांब असते, गळ्यापर्यंत सहज पोहोचते. अनुभवी केंद्रांत शंभरातले पंचाण्णवच्या आसपास तुकडे जगतात. स्पर्शाचा एक मज्जातंतूही सोबत नेऊन जिभेच्या मज्जातंतूला जोडता येतो. फक्त पुरुषांच्या हातावर केस असतात आणि ते तोंडातही वाढतात. जिभेवर केस आल्याची तक्रार घेऊन रुग्ण परत येतात. हसू येईल अशी ही गोष्ट, पण जेवताना त्याला हसू येत नाही. करंगळीकडची केस कमी असलेली बाजू निवडली, की हा त्रास कमी होतो. पुढे रेडिएशन दिले तर केस बहुधा जातात.

हात योग्य नसेल तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा आहे. काटक शरीराच्या कामगारांची मांडी बारीक असते, त्यांना तो पुष्कळदा हाताइतकाच पातळ मिळतो आणि जागा सरळ शिवता येते. पोटरीच्या आतल्या बाजूचाही तुकडा आहे. सूक्ष्मदर्शक नसेल, रुग्ण लांब शस्त्रक्रिया सोसण्याजोगा नसेल, तर छातीचा स्नायू देठासकट वर वळवण्याची १९७९ पासूनची पद्धत आहे. ती जाड असते, मान ओढली जाते, पण भरवशाची आहे. या पर्यायांची नावे रुग्णाच्या कानावर आधी पडायला हवीत. संमतीपत्रावर ‘डाव्या हाताची कातडी घेणे’ एवढेच लिहून सही घेतली, तर दुसरी वाट होती हे त्याला कधी कळतच नाही.

कामावर परतण्याचा प्रश्न यापुढचा. कामगार राज्य विमा योजनेत कर्करोग हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे. अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारकाला दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के आजारपणाचा लाभ मिळू शकतो. म्हणजे हाताची कातडी पिकेपर्यंत घरी बसण्याची सोय कायद्याने आहे. पण ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्याकडे कार्ड नसते. तो टाके निघाल्यावर आठवड्यात गाळ्यावर दिसतो. गालाची सूज अजून उतरलेली नसते, रेडिएशनच्या तारखा सुरू असतात आणि हातावरचा पातळ थर तेलाच्या थेंबानेही सोलतो.

अशा माणसाला निरोप देताना डिस्चार्ज कार्डावर गालाबद्दल दहा ओळी असतात आणि हाताबद्दल बहुधा एक: ड्रेसिंग दिवसाआड. तिच्याखाली आणखी काही लिहायला हवे. मनगट रोज कोमट पाण्यात हलवा. वर्षभर तरी त्या जागेला खोबरेल तेल लावा आणि ऊन टाळा. अंगठ्याची मागची बाजू बधिर असेल तर लेथवरून उडणारा गरम कीस तिथे पडला तरी कळणार नाही, फोड आल्यावर दिसेल. रोज रात्री तिथे डोळ्याने पाहा. त्यावर उपाय म्हणून हातमोजा मात्र घालू नका, फिरत्या लेथच्या चकमध्ये मोजा ओढला जातो आणि त्याच्याबरोबर हात. शक्य असेल तर सहा महिने पॅकिंग किंवा स्टोअरचे काम मागून घ्या; त्यासाठी मालकाच्या नावाने चिठ्ठी हवी असेल तर इथेच, आत्ता मागा. आणि यापुढे कोणत्याही रुग्णालयात गेलात तर सांगा, की या हाताची नाडी काढलेली आहे. तिथे बोट ठेवून ठोके लागले नाहीत तर घाबरू नका, दुसऱ्या हाताला पाहा.